डावीकडून तिसरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आधी एक सांगतो. भुतंखेतं, आत्मे वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आवाज विचित्र आला की आधी ढिली वायर शोधायची, अशी माझी सवय. नोकरी बँकेत, छंद साऊंडचा. वसईत ओळखीच्या कुणी नवी स्टिरिओ सिस्टीम घेतली की स्पीकर लावून द्यायला मलाच बोलावतात.

सिस्टीम तपासायला चांगलं रेकॉर्डिंग लागतं. लोक मोठमोठ्या ऑर्केस्ट्राच्या सीडी लावतात. मी मात्र आमच्या भुईगावच्या चर्चच्या गायकवृंदाची सीडी नेतो... मीच केलेली, तरुणपणी. समोर दोन माइक, अर्धवर्तुळात उभी माणसं, मध्ये काही कापाकापी नाही. स्पीकर नीट लागले असतील तर डोळे मिटून प्रत्येक गाणाऱ्याची जागा बोटाने दाखवता येते.

आणि डावीकडून तिसऱ्या जागी कुणीच नाही. दोन बायकांच्या मध्ये एक रिकामी जागा. स्वस्त सिस्टीमवर ती ऐकूच येत नाही, उत्तम सिस्टीमवर स्पष्ट कळते. माझी परीक्षा तीच — ती पोकळी ऐकू आली की सिस्टीम पास.

ती जागा फिलूमामीची.

मामी जन्मभर लग्नाच्या मांडवात गायलेली. मांडवात बायकांचे दोन गट असतात. एका गटाने ओळ म्हणायची, आणि समोरच्या गटाने उचलेपर्यंत शेवटचा सूर धरून ठेवायचा. तो धरायचं काम मामीचं. तिची ती सवय चर्चच्या गीतांतही जाईना. सगळे थांबले तरी तिचा सूर चालूच. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिला जिन्यापाशी बाजूला घेतलं. आमच्या घरच्या बोलीत बोललो, इथे साध्या मराठीत लिहितो.

"मामी, तू उभी राहा. फक्त ओठ हलव."

"आवाज नको?"

"नको."

"बरं," म्हणाली.

आणि सगळी गीतं संपेपर्यंत ती ओठ हलवत उभी राहिली. त्यानंतर ती गायची थांबली. मांडवात बायकांनी बोलावलं की म्हणायची, "घसा गेलाय गो माझा." खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

मामाला तर काहीच माहीत नव्हतं. आल्यागेल्याला तो सीडी ऐकवायचा — "आमची ही आहे यात!" एकदा मला म्हणाला, "नेमकी कुठे आहे रे तुझी मामी?"

मी म्हटलं, "डावीकडून तिसरी."

तो स्पीकरला कान लावून बसला. थोड्या वेळाने मान हलवली. "हां... आली बघ." मामी तिथेच शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही. मला वाटलं, बिचारा मन राखतोय. आता मामा नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. निर्मळला माझा बँकेतला मित्र प्रभाकर राहतो, तिथे स्पीकर लावत होतो. भर दुपार, खिडकीबाहेर केळीची बाग. सुनीतावहिनी चहा घेऊन आल्या. "भावजी, खोक्यांसाठी सोफा भिंतीपासून ओढलात, आता मागचा कचरा कोण काढणार? हे?"

"मी संगीत ऐकणार," प्रभाकर म्हणाला.

मी सीडी लावली. वहिनी दोन्ही स्पीकरांसमोरच्या मधल्या खुर्चीत टेकल्या. दोनतीन ओळी झाल्या असतील...

"ही डावीकडची तिसरी बाई मागे का राहते हो? सगळे थांबले तरी हिचं चालूच. पण गोड आहे हं."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्यांना उठवून स्वतः बसलो. ओळ संपली, सगळे थांबले, आणि एक सूर राहिला. मी तो ओळखतो.

मी घाबरलो नाही. वायरी काढल्या, डावी-उजवी अदलाबदल केली. आवाज उजवीकडून तिसऱ्या जागी गेला. म्हणजे तो सीडीतूनच येत होता, खोलीचा घुमारा नव्हे. घरी आणून तीच सीडी माझ्या सिस्टीमवर लावली. पोकळी, नेहमीसारखी. दुसऱ्यांच्या घरी लावली, तिथेही पोकळी. पुन्हा निर्मळला गेलो, तर मामी गात होती.

"कोण आहे ही?" वहिनींनी विचारलं. "जवळची असली तर आणा की एकदा. स्वतःचाच आवाज ऐकेल."

"बघतो," म्हटलं.

त्या संध्याकाळी भुईगावला मामीकडे गेलो. थकली आहे, पण कान शाबूत आहेत. तिने कॉफी दिली. विचारलं, "काय रे, तोंड असं का?" म्हटलं, ऊन लागलं. कॉफी संपवून परत आलो. त्यानंतर बऱ्याचदा गेलोय... दर वेळी कॉफी पिऊन परत.

या आवाजाचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. जो सूर माइकपुढे निघालाच नाही, तो सीडीत कुठून आला, आणि निर्मळच्या त्या एकाच खोलीत का, मला माहीत नाही. मामाला त्या दिवशी खरंच ऐकू आलं होतं का, हेही आता विचारता येणार नाही.

मामीला तिचा सूर ऐकू येतो का, हे मात्र विचारता येईल. तिला त्या मधल्या खुर्चीत बसवायचं आहे. आणि सीडी लावण्याआधी तिची माफी मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.