ह्यांचे चुकणारे ठोके

माणूस गेल्यावर भेटायला येणारे रिकाम्या हातांनी येत नाहीत. कोणी केळी आणतं, कोणी आठवण. केळी संपतात, आठवणी साठत जातात. भिवंडीतल्या नारपोलीत आमचा पॉवरलूमचा कारखाना. आमच्या ह्यांना जाऊन आता वर्ष होईल. तरी जो येतो तो ह्यांच्या हृदयाचा एखादा किस्सा सांगतोच.

करीमचाचा त्यांचा नेहमीचा सांगतात. चाचा आमच्याकडे बिघडलेले लूम दुरुस्त करतात. लूमवर हात ठेवला की दुखणं कुठे आहे ते त्यांना कळतं. एकदा कारखान्यात ह्यांना धडधडायला लागलं, घाम फुटला. चाचांनी लूमवर ठेवावा तसा ह्यांच्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "सेठ, ये चाल मेरे बस की नहीं. डॉक्टर को दिखाओ."

सहा महिने मी तेच सांगत होते. चाचांनी सांगितलं आणि हे त्याच दुपारी डॉक्टरकडे गेले.

*

ठोके अनियमित होते. औषधांनी भागेना. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. पायाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि चुकीचे ठोके जिथून निघतात त्या जागा जाळायच्या. नळी रोबो हलवणार. डॉक्टर शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसणार.

"म्हंजे तुम्ही माझ्याजवळ नसनार?" ह्यांनी विचारलं.

"काचेपलीकडे असेन."

"मंग ठीक हाय. मीपन केबिनमधी बसूनच कारखाना चालवतो." जरा थांबून म्हणाले, "पन लाईट गेली तर?"

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. भिवंडीत लूम चालवणाऱ्या माणसाने हे थट्टेत विचारलेलं नसतं. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी जनरेटरचं सांगितलं, मग दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आणि तेही बंद पडलं, तर हे आहेत."

हे त्या हातांकडे बघत राहिले. "चालेल," म्हणाले.

*

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात करीमचाचा धरून कारखान्यातली तीन माणसं आली होती. लूमच्या आवाजात जन्म गेलेली माणसं. त्यांचं हळू बोलणंही जिन्यापर्यंत ऐकू जातं. नर्सने दोनदा दटावलं. तेव्हा ते कारखान्यात बोलतात तसे खुणांनी बोलायला लागले. चार तास कॉरिडॉरमध्ये नुसते हात हलत होते.

डॉक्टर बाहेर आले, "व्यवस्थित झालं" म्हणाले. लांबून चाचांनी बोट गोल फिरवून विचारलं, चालू?

मी शाळेतली बाई. अशी खूण जन्मात केली नव्हती. मी बोट फिरवलं. चाचा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

*

घरी आणल्यावर ह्यांच्या खारबावच्या आत्या बघायला आल्या. सुकट घेऊन आल्या आणि ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिल्या.

"त्या रोबोनं आत काय ठेवलं तर न्हाय ना?"

"न्हाय गं आत्या."

"मंग तुला भूक लागते का पयल्यासारखी?"

"सुकटीचा वास आला तवापासनं लागलीय."

आत्यांनी पदर खोचला आणि थेट चुलीकडे गेल्या.

*

घरी सोडताना डॉक्टरांनी मला एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी एक मिनिट नाडी बघायची, ठोके सारखे पडतात का ते. शाळेत निघण्याआधी मी घड्याळ घेऊन पलंगावर बसायची, हे हात पुढे करायचे. आमचं बोलणं बंद असलं तरी हात पुढे यायचा. तीन वर्षांत एकही सकाळ चुकली नाही. शेवटी हे गेले ते काविळीने. ठोके अखेरपर्यंत सरळ पडत होते.

तपासणीला त्यांना भाऊजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, घेऊन जायचे. मला शाळा असायची. गेल्या आठवड्यात भाऊजी आले होते. चहा झाला, कप खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. पयल्याच तपासनीला डॉक्टर बोलले होते, आता रोज नाडी बघायची गरज न्हाय."

मी रिकामे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले.

"गाडीत बसल्यावर दादा मला बोलला, हिला सांगू नको."

"का, ते विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. खिडकीतनं बाहेर बघत होता. बोलला, तू गाडी चालव."