शशी आत्याची तांब्याची कांडी

शशिकला म्हात्रे ही सुकापुरातल्या निम्म्या घरांची आत्या होती. मिठागरवाल्यांच्या घरात जन्मली, शिकली आणि पुढे तंत्रनिकेतनात मुलांना धातुशास्त्र शिकवून निवृत्त झाली. वर्गात ती पोरांना हसवायची नाही, फसवायची. फसलेला पोरगा धडा विसरत नाही, असं तिचं म्हणणं. निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही, म्हणून ती नातेवाइकांना फसवू लागली.

गेल्या वैशाखात तिची भाची पूर्वी हिची हळद होती. दुपारी मंडपात स्वयंपाकाची धांदल चालली होती आणि नवरीचा मामेभाऊ परेश दोन भरलेले सिलिंडर दोन हातांत उचलून फेऱ्या मारत होता. परेशची पनवेलात व्यायामशाळा होती. सिलिंडर ठेवायचे कुठे, हे त्याला तीनदा सांगून झालं होतं. पण बायका बघत होत्या, तोवर तो ठेवणार नव्हता.

"परेश, इकडे ये," शशी आत्याने हाक मारली आणि पिशवीतून करंगळीएवढी जाड, हातभर लांब तांब्याची कांडी काढली. "ही वाकवायची. पण पहिला मान नवरीचा."

पूर्वी म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी. तिने कांडी गुडघ्याला लावली, दोन्ही टोकं ओढली, आणि कांडी मुकाट्याने घोड्याच्या नालेसारखी वाकली. पूर्वी स्वतःच दचकली.

"ह्या, मेणाची हाय ती!" परेश हसला.

"मग सरळ कर."

परेशने कांडी घेतली. आधी एका हाताने प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी, मग पायाखाली धरून. कपाळाची शीर टरारली, सदऱ्याचं एक बटण उडून थेट बटाट्यांत पडलं. त्याचा दोस्त भावेश मदतीला धावला. दोघांनी दोन टोकं ओढली. वाक होता तिथेच राहिला, बाजूला मात्र दोन नवे वाक आले. कांडीचा साप झाला आणि दोघे झेंडूच्या ढिगाऱ्यात आडवे.

मंडप हसून लोळला.

"काय केलंस गो तिला?" परेशने विचारलं.

"मी काही नाही, पूर्वीने केलं." आत्या खुर्चीत रेलली. "तांब्यात अणू रांगांनी बसलेले असतात. पण काही रांगा मध्येच तुटतात, अर्ध्यावरच संपतात. हा दोष. पण त्या अर्ध्या रांगांमुळेच थरावरून थर सरकतो आणि धातू वाकतो. वाकवलं की अशा रांगा ढिगाने वाढतात, एकमेकींत अडकतात. मग सरकणार कोण?"

"म्हंजे दोष वाढले नि ताकद पन वाढली?"

"हो. आणि एकही दोष नसता, तर तुम्हा दोघांना मिळूनही ती वाकवता आली नसती."

परेशला हे अजिबात पटलं नाही. तेव्हा आत्याने आचारी बाळूला भाजीचं पातेलं उतरवायला लावलं. बाळू कुरकुरला, पण उतरवलं. कांडी शेगडीवर लाल झाली आणि आत्याने चिमट्याने धरून ती पाण्याच्या बादलीत टाकली.

"पान्यान घातल्याव कडक व्हईल ना?" पूर्वीचे वडील काशीराम म्हणाले.

"ते पोलादाचं, दादा. तांबं नाही होत. आचेने आतला गुंता सुटला, तो सुटलेलाच राहतो."

परेशने भीतभीत कांडी हातात घेतली आणि ती सहज सरळ झाली. त्याने ती डोक्यावर धरून मंडपभर नाच केला.

"वा!" आत्या मोबाईल काढत म्हणाली. "आता फोटोसाठी एकदा वाकव."

सरळ करताना आत पुन्हा गुंता झालाय, हे परेशच्या ध्यानात आलं नाही. फोटोत त्याचं तोंड फार विचित्र आलंय.

तो रुसून गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. पण संध्याकाळी हळद लागत असताना तो आत्याच्या कानाशी आला. "दुसरी कांडी हाय का? उद्या नवऱ्याकरचे उरनचे पावने येतान."

आत्याचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवशी, मुहूर्ताला अवकाश असताना, भाजून मऊ केलेली कांडी परेशने दोन बोटांचा खेळ असल्यासारखी सर्वांसमोर वाकवली आणि नवरदेवापुढे धरली. "भावजी, जरा सरळ करा."

नवरदेव निनाद उरणच्या गॅस प्रकल्पात पाइपांचं काम बघायचा. त्याने कांडी हातात घेतली, वरचा काळपट थर नखाने खरवडला आणि शांतपणे विचारलं, "भाजून आणलीय ना?"

परेशने आत्याकडे पाहिलं. आत्या बघत होती भलतीकडेच, पण पदराआड हसू मावत नव्हतं.

"दादा," ती काशीरामला म्हणाली, "पोरगा चांगला शोधलास रे."

"आनि माजा काय?" परेशने विचारलं.

"तुला अजून थोडं भाजायला हवं," आत्या म्हणाली, आणि त्याच्या नाश्त्याच्या ताटलीतली जिलबी उचलून तिने शेजारच्या पूर्वीला भरवली.