नहरेवरचा शेंदूर

राजाच्या वेळच्या नहरेचे दगड तिथल्या चौकीदाराने विकले, असे आमच्या वस्तीतले जुने लोक अजूनही सांगतात. ते खोटे आहे आणि आजवर मी ते चालू दिले.

सत्तरच्या दशकात पोलीस भरतीच्या तयारीसाठी मी रोज सकाळी त्या नहरेच्या काठाने धावायचो. पाणी गुडघाभर, गढूळ; काठ मात्र देखणा. घडीव काळा दगड, दोरांनी पडलेल्या खाचा, फळ्या सरकवून पाणी अडवायच्या खोबणी आणि ठरावीक अंतरावर कमळ कोरलेला एकेक उभा दगड. असे चौदा. त्यांवरून मी अंतर मोजायचो. दम लागला की एखाद्याशी थांबायचो, कमळ बोटांनी चाचपायचो.

चौकीदार तिथल्याच खोलीत बायको आणि लहान मुलीसह राहायचा. मला पाहून ओरडायचा, "काहून गा, रोज धावून राहिला! मांगं कुत्रं लागलं काय?"

मी हसायचो. तो हसत नसे, माझ्या हातांकडे बघत राही.

एका सकाळी तीन दगडांना शेंदूर दिसला. आठवड्याभरात सातांना.

"काका, हे देव कधी आले?"

"देवाले जन्मतारीख इचारते काय? धाव तू."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी शेंदूर, मग चौथरा, मग पत्र्याचे देऊळ आणि त्याच्या आडोशाला स्वतःचे घर. शहरात असे कितीतरी ठिकाणी झालेले मी पाहिले होते. मी नहरेच्या सरकारी कार्यालयात अर्ज टाकला. खाली नाव नाही, 'एक जागरूक नागरिक' एवढेच. तिथे कोणी चौकीदाराला काही विचारलेही नाही. सगळा शेंदूर घासून काढला, त्याला कामावरून कमी केले, खोली रिकामी करायला लावली.

हातगाडीवर भांडी चढवताना त्याची बायको मला म्हणाली, "तूच नं गा तो, रोज दगडं चाचपनारा? दगडं उचलून नेनाऱ्या ठेकेदाराचा मानूस समजून तुह्याच भेवानं शेंदूर लावला यायनं. शेंदराच्या दगडाले कोनी हात लावत नाही म्हने."

अर्जाचे तिला ठाऊक नव्हते. मी बूट बांधायला खाली वाकलो.

दिवाळीपर्यंत एकही कमळ जागेवर उरले नाही. दोन तर मी जवळच्या नव्या घरांच्या पायऱ्यांत ओळखले. चौकीदाराने जाता जाता सौदा केला, असे वस्तीने ठरवून टाकले आणि मीही मान डोलावली.

भरतीत माझे काही झाले नाही, मी बाबू झालो. काही वर्षांनी त्याच्या मुलीला मागणी घालणारे लोक घराण्याची चौकशी करत माझ्याकडे आले. तेव्हा तरी सांगायचे होते.

"लोक म्हणतात त्यात काही असेलच," मी म्हणालो.

सोयरीक मोडली.

पुढे तिला कुही गावाकडे दिली, असे ऐकतो. तिथे कोणी हे वाचले तर तिला सांगावे: तुझ्या बापाने एकही दगड विकला नाही. तो अर्ज मी केला होता.