मिस्टर राम राम

आई बीबी गावच्या बाजारात भाजी विकायची. मिरची-भाकर खाऊन मी घरातला पहिला पदवीधर झालो. नोकरीसाठी निघालो, तेव्हा शेगाव स्टेशनच्या बाकावर एक थकलेले काका भेटले. अमेरिकेत मुलाकडे राहत होते.

"तिकडं आमच्या गल्लीत समदे नावाजलेले. समोर मोठा खेळाडू, बाजूले टीव्हीवरची बाई. मी रोज सकाळी हात जोडून राम राम म्हणत होतो."

"मग?"

"खेळाडूनं पोराले इचारलं, तुझ्या बापाचं नाव राम राम हाय काय? त्याले वाटलं, मी रोज नाव सांगून राह्यलो!"

हसले आणि गुडघे चोळत बसले. "परत तिकडंच जा लागते. इथं आता कोणी नाही."

माझी गाडी आली. त्यांनी हात जोडले. "राम राम."

"राम राम, काका."

"हाव," ते म्हणाले, "असं पाह्यजे."

त्यांच्या रामरामाला उत्तर मिळालं.