हाळीवाली मावशी

मावशीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलो होतो. वस्तीच्या एका टोकाला उभं राहून तिनं, लेकरं घेऊन या, अशी हाळी दिली आणि पार दुसऱ्या टोकाची दारं उघडली. आधी ती याच गल्ल्यांतून भाजीची गाडी फिरवायची. आमच्या सोलापुरातल्या संस्थेला लसीकरणासाठी निधी मिळाला आणि प्रत्येक वस्तीतलीच एक बाई मानधनावर घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्या बायकांनी तिचंच नाव सुचवलं.

भीड म्हणून तिला ठाऊक नव्हती. विड्या वळणाऱ्या बायकांच्या शेजारी ती बसकण मारायची, म्हाताऱ्यांशी मोडक्या तेलुगूत वाद घालायची. लस दिली की पोर तापतं म्हणून आया मागे सरत. त्यांना तिचं एकच सांगणं असे, "ताप आला तर माज्या दारात येऊन मला शिव्या द्या. पर सुई चुकवू नका." खरंच कुणी आलं, तर पोराला मांडीवर घेऊन ती आईला झोपायला पाठवायची.

तिची लेक वैरागला दिलेली. दोन वर्षांच्या नातीचं कौतुक मावशी चालता चालता सांगत राहायची.

एके दिवशी ती आलीच नाही. शेजारणीनं सांगितलं, नातीला वैरागहून सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आणलंय. मी धावत गेलो. पोरीचा गळा सुजलेला, श्वास घरघरत होता. घटसर्प. डॉक्टरांनी लशीचे डोस विचारले, तेव्हा लेकीनं मान खाली घातली. एकही झाला नव्हता. मी मावशीकडे बघतच राहिलो. संध्याकाळी पोर गेली.

विचारायचं माझं धाडस नव्हतं. तिनंच सांगितलं. थोरला नातू पहिल्या सुईनंतर तापला होता, तेव्हापासून लेकीच्या सासूनं त्याच्या लशी बंद केल्या होत्या आणि नातीला एकही देऊ दिली नव्हती. "एकदा बोलले. ईनबाई म्हनल्या, तुमच्या घरचं तुमी बगा. तितं मी पोरीची आय हाय. पोरीला तरास नको म्हून गप बसले."

शेकडो दारं ठोठावणारी बाई एका दारात गप्प बसली होती. मला ते आजही पचत नाही.

काही दिवसांनी ती ऑफिसात आली. वैरागला चला म्हणाली. आमचा निधी शहरापुरताच होता, तसं मी सांगितलं. मग सुट्टी द्या, म्हणाली. मीही रजा टाकून तिच्यासोबत गेलो. त्या दिवशी तिथल्या अंगणवाडीत नर्सबाई बसणार होत्या.

विहिणीसमोर मावशी हलक्या आवाजात बोलली. "ईनबाई, मला हाकलून द्या. पर पोरगा ऱ्हायलाय, त्याला द्या माज्याबरोबर."

 विहीण उठली, नातवाचं बोट धरलं आणि स्वतःच अंगणवाडीकडे चालू लागली. मावशी तिच्यामागून निघाली, तोच उंबऱ्यातून लेक बोलली,

"आई, हेच तवा का न्हाय बोललीस?"

मावशी थांबली. वळून लेकीकडे पाहिलं. पुढं विहीण आणि नातू कोपऱ्यावरून वळले. लेकीनं आत जाऊन दार लावून घेतलं.