दोन काचांची गाडी

वसंतराव इंगळे यांचे गेल्या महिन्यात अमरावतीत राहत्या घरी निधन झाले. त्यांच्या मुलीने त्याच दिवशी सकाळी फोनवर कळवले. ते महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत, पण वऱ्हाडात त्यांचे नाव झाले ते जुन्या इंग्रजी मोटारींमुळे. आपल्याकडे अशी कोणतीही मोटार दिसली की लोक तिला ‘मॉरिस’ म्हणून मोकळे होतात. वसंतराव नाव शेवटी सांगत. आधी दिवे पाहत, जाळीत खाली बसवलेले की मडगार्डवर चढवलेले. मग वळताना दाराच्या मागून बाहेर येणारा इशाऱ्याचा हात, आणि मग समोरची काच. “काच बदलता येते, चौकट नाही,” असे म्हणत ते भिंग पुसायचे.

काही वर्षांपूर्वी मी त्यांना अकोल्याला जठारपेठेत नेले, माझ्या परिचयाच्या सुमनताईंकडे. त्या तान्ह्या असताना वडील गेले. घरात एकच जुना फोटो होता, मॉरिस मायनरला टेकून उभा असलेला माणूस, चेहरा टोपीच्या सावलीत. ताईंना तो वडिलांचा म्हणून भिंतीवर लावून हार घालायचा होता. बाळापूरचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, नव्वदीतही ठाम होते. “थो मीच हाओ. गाडी माही, मानूस मी. जित्त्या मानसाच्या फोटोले हार घालतं का कोनी? मले आत्ताच पोचवता का वो?”

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

वसंतरावांनी फोटोतल्या गाडीवरून भिंग फिरवले. मग काकांना विचारले, “तुमच्या गाडीची समोरची काच कशी होती?”

“कशी म्हंजे? एकच. अख्खी. अजून बाळापूरले गोठ्यात उभी आहे, पाहून घ्या ना.”

“इथं दोन आहेत. मधात पट्टी आहे. ही जुन्या घडणीची गाडी, काकाजी. तुमची नाही.”

ताईंनी लगेच विचारले, “म्हणजे बाबाच ना?”

“ते काच सांगत नाही,” वसंतराव म्हणाले. “गाडी काकाजींची नाही, एवढंच सांगते. मानूस तुमी ओळखा.”

मला तेव्हा ते कठोर वाटले. एक ‘हो’ म्हटले असते तर काय बिघडले असते? पण त्यांनी ते म्हटले नाही, म्हणूनच काकांनी भिंग मागून घेतले. त्यांनी मधली पट्टी पाहिली, मग टेकलेल्या माणसाचा हात.

“घड्याळ उजव्या हातात...” ते म्हणाले. “दादा घाले तसं. सुमे, थो तुहा बाप आहे. लाव हार.”

जे दिसते तेवढेच लिहावे, हे मला वृत्तपत्रातल्या नोकरीने शिकवले होते. तेवढ्यावर थांबल्याने कोणाचे तरी भले होते, हे वसंतरावांनी दाखवले. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

परवा जठारपेठेत गेलो होतो. फोटो पुढच्या खोलीत आहे. हार ताजा होता. त्या दिवशी वसंतराव भिंग तिथेच विसरले होते. ते फोटोखालच्या फळीवर आहे.