पिशव्यांपाशी बसणारा

आपल्याकडे चार माणसं कुठंही फिरायला गेली की पोचल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, सामानापाशी कोण? आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारतच नसे. मी होतो. किल्ला असो, प्रदर्शन असो, जत्रा असो, जिथे म्हणून उंच चढायचं असेल तिथे मी पिशव्या पायाशी ओढून बसायचो आणि म्हणायचो, "जा तुम्ही, मी आहे." लोकांना त्याचं फार कौतुक. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमचं जावई सोताचा कधी इचारच करत न्हाईत."

मी स्वतःखेरीज कशाचाही विचार करत नव्हतो. मला उंचीची भीती वाटते. आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीच्या गच्चीत कपडे वाळत घालायला गेलो तरी मी कठड्यापासून दोन हात लांब असतो. एवढं साधं वाक्य, पण ते सांगायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आणि नुसतं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी ती भीती बायकोच्या नावावर केली होती.

झालं असं. माझी सासुरवाडी हडपसरजवळच्या मांजरीची. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत मेहुणे म्हणाले, "चला दाजी, पाळण्यात बसू." मी नेहमीप्रमाणे पिशव्या धरल्या. बायको पाळण्यापर्यंत गेलेली होती. तिने वळून पाहिलं, मी एकटाच बसलेला दिसलो, तशी ती परत आली आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसली. गोडीशेव खाता खाता ती पूर्ण वेळ वर बघत होती. पाळणा वर गेला की तिची मानही वर जायची.

रात्री पंगतीला तिच्या मावशीने विचारलं, "का गं, तू तर पाळण्यात उभी राह्यची. आज खालीच?"

उत्तर मी दिलं. "तिला हल्ली चक्कर येते."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. नव्या नवरीला चक्कर येते म्हटल्यावर त्या जे समजायचं ते समजल्या. पुढे महिनाभर मांजरीहून आमच्या घरी आवळे येत राहिले, कैऱ्या येत राहिल्या. तिने ते मुकाट्याने खाल्ले. आमची मुलगी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. आवळे थांबले, पण चक्कर मात्र तिला कायमची चिकटली. दर सहलीला कुणीतरी म्हणायचं, "वहिनी नकोत हं, त्यांना सोसत नाही." मी पिशव्यांची मोजदाद करत असायचो. ती एक अक्षर बोलायची नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीने आम्हाला मांजरीच्या पुढे झालेल्या नव्या पार्कात नेलं. ती हडपसरला आयटीत आहे. ऑफिसातून फॅमिली पास मिळाले होते. पार्काच्या मधोमध तो मनोरा होता. खांबाभोवती खुर्च्यांचं कडं, माणसांना बसवून सावकाश वर नेतात, थोडा वेळ तिथेच ठेवतात आणि सोडून देतात. पडणारी माणसं ओरडत होती. मी पिशव्यांकडे हात नेला, तर मुलीने त्या आधीच उचललेल्या.

"बाबा, तुला आज सुट्टी. इथे लॉकर आहेत."

माझ्या हाताला काही कामच उरलं नाही. हात खिशात घालून पाहिले, पाठीमागे बांधून पाहिले. मुलगी लॉकरवरून परत आली आणि म्हणाली, "मी जाऊन येते. तुम्ही दोघं खाली थांबा. आई, तू प्लीज हट्ट करू नकोस, तुला चक्कर येते."

पिशव्या गेल्या होत्या, पण चक्कर होती. मी "हो, आम्ही इथे सावलीत" एवढं म्हणालोसुद्धा. मग बायकोकडे लक्ष गेलं. तिने ओढणी कमरेला गच्च बांधली होती. मंगळसूत्र काढून रुमालात गुंडाळून रुमाल खिशात कोंबला होता. आणि पायात बूट होते, लेसची दुहेरी गाठ मारलेले. ही बाई बारा महिने चपला घालते. म्हणजे घरातून निघतानाच तिने ठरवलं होतं. आता ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आपला नंबर पुकारतील का, अशा चेहऱ्याने दवाखान्यात लोक बसलेले असतात, तशी.

"तिला नाही येत चक्कर," मी म्हणालो. "कधीच आली नाही. भीती मला वाटते. मी तिचं नाव सांगत आलो."

मुलगी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाहीये. "आई, मग तू कधी बोलली का नाहीस?"

"चारचौघांत यांना खोटं पाडू?" बायको म्हणाली. "आणि आवळे बरे होते." मग माझ्याकडे वळून, "चला आता. रांग पुढे सरकलीय."

"मी पण?"

"नाही तर काय, तुम्ही इथं उभे राहून रांगेवर लक्ष ठेवणार?"

मी गेलो. खरं सांगायचं तर धैर्याने वगैरे नाही. तिच्या पाठीमागे चालण्यावाचून दुसरं काही सुचेना म्हणून. वर चष्मा चालत नाही म्हणाले, तो काढून घेतला. खांद्यांवरून जाड दांडा खाली आला आणि छातीशी अडकला. एका बाजूला मुलगी, मधे बायको, कडेला मी. पाय जमिनीवरून सुटले तसे मी डोळे मिटले, आणि बिनचष्म्याचा मी डोळे उघडूनही काय बघणार होतो, हे नंतर लक्षात आलं. उघडले. सगळं पुसट हिरवं आणि पांढरं.

"काय दिसतंय?" मी विचारलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"थांबा, सांगते." ती जरा पुढे झुकली. मला तेही बघवेना. "तो ऊस हाय बघा. आमचाच. न्हाई, आमचा त्याच्या पल्याड, तिथं आता बिल्डिंगी झाल्यात. पाण्याची टाकी हाय अजून." पेठेत आल्यापासून तिने हे 'हाय' उंबऱ्याबाहेर काढून ठेवलं होतं. माहेरी गेल्यावरसुद्धा माझ्यादेखत बोलायची नाही. "पाळण्यातून हीच टाकी दिसायची. इतक्या लांबून न्हाई पण."

कडं थांबलं. वारा होता.

"आणि खाली," ती म्हणाली, "एक जण बसलाय. पिशव्यांपाशी."

"एकटाच?"

"न्हाई. बायको हाय शेजारी. वर बघतीय."

मी काहीतरी बोलणार होतो. खुर्ची खालून नाहीशी झाली. पोट वरच राहिलं आणि बाकीचा मी खाली. मी ओरडलो, लाज सोडून, आईच्या नावाने. ती हसत होती. आमच्या संसारात तिचं असं हसणं मी ऐकलेलं नाही. मुलीनेही ऐकलेलं नसावं, कारण उतरल्यावर ती आईकडेच बघत राहिली होती.

चष्मा मिळेपर्यंत बायको त्या जोडप्यापाशी पोचलीही होती. लॉकर असले तरी सामानापाशी माणूस बसवल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही.

"जायचंय का तुम्हाला?" तिने त्या बाईला विचारलं.

ती बाई नवऱ्याकडे बघत म्हणाली, "नाही हो, हे एकटेच राहतील."

"एकटे कसे? आमचे आहेत ना. अनुभवी आहेत."

बाईने क्षणभरच विचार केला. चपला काढून पिशवीत टाकल्या आणि माझ्या बायकोबरोबर अनवाणीच निघाली. आमची मुलगी त्यांच्यामागे पळाली. मी त्या गृहस्थाशेजारी टेकलो. त्याने एक पिशवी पायाशी ओढून मला जागा करून दिली.

"मला तसं काही नाही," तो म्हणाला, "पण कुणीतरी बसायला पाहिजेच ना."

"मी भीती वाटते म्हणून बसायचो."

तो मनोऱ्याकडे बघत राहिला. "आणि आता जाऊन आलात?"

"हो."

"गेली?"

"नाही."

त्याने मान हलवली. मग पिशवीतून चिवड्याचा डबा काढून मधे ठेवला. खुर्च्यांचं कडं वर निघालं होतं. तो मला म्हणाला, "त्यातली आमची कुठली, दिसतेय का तुम्हाला?" मी चष्मा नीट केला आणि त्याला बोटाने दाखवलं.